रोमच्या विस्ताराचा हिशेब तहनाम्यांत आहे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इटलीतले रोम आणि उत्तर आफ्रिकेतले कार्थेज यांच्या युद्धांवर पानभर लेख आला, ही आनंदाची गोष्ट. खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांत प्राचीन भूमध्य जगाबद्दल मराठीत फार थोडे वाचायला मिळते. त्यामुळे जे छापून येते ते मुले कापून वहीत चिकटवतात आणि तेच प्रमाण मानतात. म्हणूनच हे पत्र लांबले तरी काटछाट न करता द्यावे, अशी विनंती.

लेखात कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचे हत्ती आहेत, आल्प्स आहे, कॅनी येथला रोमन सैन्याचा संहार आहे, शेवटी कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरल्याचा प्रसंगही आहे. पण एकामागून एक सैन्ये बुडत असताना रोम नवी माणसे कुठून आणत होते, याबद्दल एक ओळही नाही. तो प्रश्न सोडला की उरते ती सेनापतींची नामावळी. आणि नुसत्या सेनापतींच्या जोरावर पाहिले, तर रोमशी लढलेला ग्रीक राजा पिऱ्हस आणि हॅनिबल यांच्यापुढे रोमचे बहुतेक सेनापती कमीच होते. तरी टिकले ते रोम. त्याचे कारण रणांगणापेक्षा रोमने हरलेल्यांशी केलेल्या करारांत सापडते, असे आमचे मत आहे.

सुरुवात इ. स. पूर्व ३३८ पासून करावी लागते. शेजारच्या लॅटिन गावांनी रोमविरुद्ध शस्त्र उचलले आणि ती हरली. रोमने सगळ्यांना एका मापाने मोजले नाही, प्रत्येक गावाचा वेगळा निवाडा केला. लॅनुव्हियम, अरिसिया, नोमेंटम यांना पूर्ण नागरिकत्व दिले. व्हेलिट्रीचे लोक जुने नागरिक असून वारंवार उलटले होते, म्हणून त्यांचा तट पाडला आणि तिथल्या पुढाऱ्यांना तायबर नदीपलीकडे हाकलले. अँटियमची लढाऊ जहाजे काढून घेतली, त्यांतली काही जाळली आणि त्यांच्या चोची, म्हणजे शत्रूला धडक द्यायचे पुढचे धातूचे टोक, रोमच्या सभास्थानातल्या व्यासपीठाला ठोकल्या. प्रेनेस्टेची जमीन कापली. कापुआसारख्या गावांना नागरिकत्व मिळाले, पण मताचा हक्क नाही. उरलेल्या लॅटिन गावांना आपापसांत सोयरीक, व्यवहार आणि एकत्र सभा, तिन्ही बंद. प्रत्येक गावाचे नाते थेट रोमशी राहिले, शेजाऱ्याशी उरले नाही.

पुढे सॅम्नाइट डोंगरी टोळ्यांशी तीन युद्धे झाली, ती इ. स. पूर्व २९० ला संपली. २७२ ला दक्षिणेतले ग्रीक शहर टॅरेंटम पडले. इटलीच्या द्वीपकल्पातल्या जवळजवळ प्रत्येक समाजाशी रोमचा असा एकेक करार झाला. त्यातले मुख्य कलम हे : वार्षिक खंडणी नाही, माणसे द्यायची. रोम मागेल तेवढे शिपाई त्या गावाने हत्यारांसह पाठवायचे, त्यांचा पगार गावाने द्यायचा, धान्य मात्र रोम देणार. मोक्याच्या जागी रोमने लॅटिन वसाहती बसवल्या. एकेका ठिकाणी अडीच हजारांपासून सहा हजारांपर्यंत कुटुंबे नेऊन त्यांना जमिनी मोजून दिल्या. हॅनिबलच्या काळात अशा तीस वसाहती होत्या.

या व्यवस्थेचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. खंडणी शांततेच्या काळातही वसूल होते. शिपाई मात्र लढाई असेल तरच मागता येतात. ज्या वर्षी मोहीम नाही, त्या वर्षी सहकारी गावांवरची सत्ता वापरलीच जात नाही. रोम जवळपास दर वर्षी कुठे ना कुठे लढत होते, त्यामागे कॉन्सलची, म्हणजे दर वर्षी निवडल्या जाणाऱ्या प्रमुखाची, एकाच वर्षाची मुदत आणि त्या वर्षात नाव कमावण्याची हाव हे कारण आहेच. पण या कराराची रचनाच युद्धाकडे ओढणारी होती, हे त्याहून मोठे कारण वाटते. शिवाय लूट आणि जिंकलेली जमीन यांतला वाटा सहकाऱ्यांनाही मिळे, म्हणून तेही येत राहिले.

आता आकडे. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार रोममध्ये ओलीस म्हणून राहिला होता आणि त्याला अनेक गोष्टी जवळून पाहता आल्या. त्याच्या नोंदीप्रमाणे इ. स. पूर्व २२५ मध्ये रोम आणि सहकारी मिळून हत्यार धरू शकणारे सात लाखांवर पायदळ आणि सत्तर हजार घोडेस्वार होते. एका लीजनमध्ये, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीत, ४,२०० पायदळ : १,२०० हलके भालेकरी, पुढच्या रांगेचे १,२००, दुसऱ्या रांगेचे १,२०० आणि शेवटच्या रांगेचे ६०० जुने जाणते. सोबत ३०० घोडेस्वार. कॉन्सलच्या हाताखाली अशा दोन लीजन आणि तेवढेच सहकाऱ्यांचे पायदळ. सहकाऱ्यांचे घोडेस्वार मात्र तिप्पट.

कार्थेजचा कारभार याच्या उलट होता. त्यांचे सैन्य मुख्यतः भाडोत्री, आणि प्रजेकडून ते पैसा आणि धान्य घेत. रोमशी झालेल्या पहिल्या युद्धाच्या काळात त्यांनी लिबियन शेतकऱ्यांच्या पिकाचा निम्मा भाग उचलला आणि गावांचा कर दुप्पट केला. २४१ ला युद्ध हरल्यावर भाडोत्र्यांचा थकलेला पगार देताना घासाघीस सुरू झाली. सुमारे वीस हजार हत्यारबंद शिपाई भडकले आणि आधीच पिळून निघालेली लिबियन गावे त्यांना जाऊन मिळाली. तिथल्या बायकांनी अंगावरचे दागिने काढून बंडाला दिले, असे पॉलिबियस लिहितो. तीन वर्षांहून जास्त हे बंड चालले. त्या गडबडीत रोमने सार्डिनिया बळकावले आणि वर १,२०० टॅलेंटची (एक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी) मागणी केली.

लेखात आरमाराचा भाग दोन ओळींत उरकला आहे, तो आम्हाला सर्वांत खटकला. २६४ ला सिसिलीवरून युद्ध सुरू झाले तेव्हा रोमकडे नाव घेण्यासारखे आरमार नव्हते. कार्थेजचे एक मोठे लढाऊ जहाज किनाऱ्याला रुतून रोमच्या हाती लागले. त्याचा नमुना धरून त्यांनी शंभर क्विंक्वेरीम, म्हणजे तशीच मोठी वल्ह्यांची जहाजे, आणि वीस त्याहून लहान ट्रायरीम बांधल्या. रोमन लेखक प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे हे काम साठ दिवसांत झाले. हे कसे शक्य झाले असेल, त्याचा एक धागा सिसिलीतल्या मार्सालाजवळ १९७१ मध्ये सापडलेल्या प्युनिक, म्हणजे कार्थेजच्या, जहाजात मिळतो. त्याच्या लाकडांवर फिनिशियन अक्षरांच्या खुणा आहेत. कोणता तुकडा कुठे बसवायचा ते आधीच ठरलेले होते. असे जहाज उकलून पाहिले की सुतारांच्या अनेक टोळ्यांना एकाच वेळी कामाला लावता येते.

जहाजे बांधून होईपर्यंत वल्हेकऱ्यांना जमिनीवरच शिकवले. जहाजात असतात त्याच क्रमाने किनाऱ्यावर बाके मांडली, मध्ये हुकूम देणारा उभा केला. सगळ्यांनी एकाच वेळी मागे रेलत हात ओढायचे, मग एकाच वेळी पुढे वाकत ढकलायचे. एका क्विंक्वेरीमवर ३०० वल्हेकरी आणि १२० शिपाई असत. म्हणजे शंभर जहाजांना नुसते वल्हेकरीच तीस हजार लागले. ते आले गरीब नागरिकांतून आणि किनाऱ्यावरच्या सहकारी गावांतून. इथेही तेच करार कामी आले.

नवशिक्या हातांनी कार्थेजच्या कसलेल्या खलाशांना वळणे घेण्यात हरवणे शक्य नव्हते. म्हणून 'कॉर्व्हस' म्हणजे कावळा हे साधन निघाले. जहाजाच्या पुढच्या टोकावर २४ फूट उंचीचा खांब, त्याच्या माथ्याला कप्पी. ३६ फूट लांब आणि ४ फूट रुंद असा फळ्यांचा पूल, मागच्या टोकापासून १२ फुटांवर लांबट भोक पाडून त्या खांबात अडकवलेला, म्हणजे तो कोणत्याही बाजूला फिरवता येई. दोन्ही कडांना गुडघाभर कठडा. पुलाच्या पुढच्या टोकाखाली लोखंडाचा जाड अणकुचीदार सुळा आणि वर कडी. कडीतून दोर ओवून पूल उचलायचा आणि शत्रूचे जहाज जवळ आले की सोडायचा. सुळा त्याच्या फळ्यांत रुतला की दोन जहाजे बांधली जातात आणि शिपाई दोन-दोनच्या रांगेत पलीकडे जातात. पुढची जोडी ढाली समोर धरते, मागचे ढालींच्या कडा कठड्यावर टेकवतात. समुद्रावर पायदळाची लढाई व्हावी, एवढाच त्यामागचा विचार. २६० ला मायली येथे रोमन सेनापती दुईलियसने याच साधनाने विजय मिळवला.

त्याचा दोषही त्याच्या रचनेतच होता. एवढे वजन उंचावर आणि तेही पुढच्या टोकाला, म्हणजे लाटांत जहाजाचा तोल जाणार. २५६ च्या एक्नोमसच्या लढाईनंतर कॉर्व्हसचा उल्लेख सापडत नाही. २५५ ला सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर कामारिनाजवळ वादळाने ३६४ पैकी फक्त ८० जहाजे सोडली. पॉलिबियस मात्र दोष देतो तो सेनापतींना. हा किनारा खडकाळ आहे, या दिवसांत इकडून जाऊ नका, असे तांडेल सांगत होते, ते त्यांनी ऐकले नाही. तीन महिन्यांत रोमने २२० जहाजे पुन्हा उभी केली, आणि दोन वर्षांनी त्यातली दीडशेहून अधिक पुन्हा वादळात घालवली. शेवटी तिजोरीत पैसा उरला नाही, तेव्हा श्रीमंत नागरिकांनी एकट्याने किंवा दोघा-तिघांत मिळून एकेक जहाज दिले, जिंकलो तर परत करा या अटीवर. अशी २०० जहाजे झाली. २४१ च्या मार्चमध्ये एगेट्स बेटांजवळ त्यांनी धान्याने लादलेल्या कार्थेजच्या ताफ्याला गाठले, ५० जहाजे बुडवली आणि ७० पकडली. त्या जागी समुद्रतळातून आजवर ब्राँझच्या वीसहून अधिक चोची वर काढल्या आहेत आणि रोमन चोचींवर त्या पारखून घेणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साऱ्या युद्धात रोमच्या सुमारे ७०० क्विंक्वेरीम गेल्या, कार्थेजच्या ५००. हरणाऱ्यापेक्षा जिंकणाऱ्याचे नुकसान जास्त, हा आकडा मुलांना जरूर सांगावा.

आता हॅनिबल. इ. स. पूर्व २१६ मधल्या कॅनीच्या विजयानंतर तो सरळ रोमवर का गेला नाही, असा प्रश्न लेखकाने विचारला आहे आणि 'ती त्याची घोडचूक' असे उत्तर दिले आहे. आम्हाला हे पटत नाही. रोमन पायदळाच्या शिपायाला महिन्याला ॲटिक मेडिम्नस या ग्रीक मापाचा दोन-तृतीयांश गहू मिळे, म्हणजे साधारण ३५ लिटर किंवा २७ किलो. एका लीजनला महिन्याला सुमारे ११३० क्विंटल, कॉन्सलच्या पूर्ण पायदळाला साडेचार हजार क्विंटल. कॅनीच्या वेळी हॅनिबलकडे चाळीस हजार पायदळ आणि दहा हजार घोडेस्वार होते. त्याच मापाने पायदळालाच महिन्याला १०,८०० क्विंटल गहू लागतो, घोड्यांचे जव वेगळे. त्याच्या हाती एकही चांगले बंदर नव्हते, त्यामुळे धान्य फक्त आसपासच्या शेतांतून आणि लुटलेल्या कोठारांतून यायचे. कॅनीच्या लढाईचे ठिकाण ठरले तेच मुळी यामुळे की तिथल्या गढीत रोमन सैन्याचा धान्यसाठा होता आणि तो त्याने आधी काबीज केला. तिथून रोम सुमारे ४०० किलोमीटर. शहराभोवती ११ किलोमीटरचा दगडी तट. असा तट घेरून बसायचे म्हणजे एका जागी महिनोन्‌महिने राहायचे, आणि फिरून धान्य गोळा करणाऱ्या सैन्याला नेमके तेच जमत नाही.

हॅनिबलचा डाव वेगळा होता आणि तो चुकीचा नव्हता. सहकाऱ्यांच्या कैद्यांना तो खंडणी न घेता सोडून देत होता, त्याला रोमचे करार तोडायचे होते. कापुआ, लुकेनियन, ब्रुट्टियन, बहुतेक सॅम्नाइट, पुढे टॅरेंटम त्याला मिळाले. तीस लॅटिन वसाहतींपैकी एकही उलटली नाही. २०९ मध्ये बारा वसाहतींनी 'आता आमच्याकडे माणसे आणि पैसा नाही' असे सांगितले, पण अठरा उभ्या राहिल्या. कॅनीहून पळालेले साडेचार हजार शिपाई व्हेनुशिया या वसाहतीत पोहोचले, तेव्हा गावकऱ्यांनी घोडेस्वाराला २५ आणि पायदळाच्या शिपायाला १० चांदीची नाणी दिली, कपडे दिले, ज्याच्याकडे नव्हते त्याला हत्यार दिले. रोमने सतरा वर्षांची मुले भरती केली, आठ हजार गुलाम विकत घेऊन सैन्यात आणले, तुरुंगातले सहा हजार गुन्हेगार आणि कर्जदार सोडून त्यांना जुन्या विजयात मिळालेली गॉल लोकांची शस्त्रे दिली. २१२ च्या सुमारास रोमच्या पंचवीस लीजन एकाच वेळी उभ्या होत्या. हॅनिबलकडे आलेल्या प्रत्येक गावाला राखण हवी होती, आणि त्याचे सैन्य तर एकच. तो एका गावाच्या मदतीला गेला की रोम दुसरे घेरत असे. २११ ला कापुआ असेच पडले.

२०२ ला झामाच्या लढाईत हॅनिबल हरला. पण लेख तिथे थांबतो आणि थेट १४६ मधल्या कार्थेजच्या नाशावर उडी मारतो, मधले २०१ चे कलमवार तहपत्र गाळून. कार्थेजने दहाच जहाजे ठेवायची, सगळे हत्ती द्यायचे, नवे माणसाळवायचे नाहीत. दहा हजार टॅलेंट, म्हणजे सुमारे २६० टन चांदी, पन्नास समान हप्त्यांत द्यायची. आफ्रिकेबाहेर युद्ध नाही, आफ्रिकेत रोमच्या परवानगीशिवाय नाही. आणि शेजारच्या न्यूमिडियाचा राजा मॅसिनिसा याला त्याची किंवा त्याच्या पूर्वजांची असलेली सगळी जमीन परत करायची. हे शेवटचे कलम फार घातक होते. पूर्वजांची जमीन कोणती, ते सांगणार कोण? आपल्याकडे धुऱ्याच्या भांडणात दगड दर पावसाळ्यात हातभर सरकतो, तसा मॅसिनिसा पन्नास वर्षे सरकत राहिला. कार्थेजला लढायची मुभा नव्हती, तक्रार रोमकडेच करायची, आणि रोमची पंचमंडळे बहुधा मॅसिनिसाच्याच बाजूने निकाल देत. १९१ मध्ये कार्थेजने उरलेली सगळी रक्कम एकदम फेडायची तयारी दाखवली. रोमने ती घेतली नाही. हप्ते संपले की बंधन संपते, हे सिनेटला कळत होते. शेवटचा हप्ता १५१ ला गेला, पुढच्याच वर्षी कार्थेजने वैतागून मॅसिनिसावर सैन्य पाठवले, आणि १४९ ला रोमने युद्ध पुकारले.

पूर्वेकडेही हीच पद्धत. सीरियाच्या तिसऱ्या अँटिओकसला मॅग्नेशियात हरवल्यावर १८८ ला अपामिया येथे तह झाला : टॉरस पर्वताच्या अलीकडचा प्रदेश सोडायचा, हत्ती द्यायचे, जहाजे दहा, बारा वर्षांत बारा हजार टॅलेंट, वर ५,४०,००० मोदी (रोमन धान्यमाप) गहू. वीस ओलीस, दर तीन वर्षांनी बदलायचे. प्रत्येक टॅलेंट ऐंशी रोमन पौंडांपेक्षा कमी भरता कामा नये, हेही लिहून घेतले. सोडवलेली जमीन रोमने स्वतः ठेवली नाही, पर्गमम आणि ऱ्होड्स यांना वाटली. १६८ ला पिडना येथे मॅसिडोनियाचा राजा पर्सियस याचा पराभव झाला. मॅसिडोनियाचे चार तुकडे केले, तुकड्यांमध्ये लग्नसंबंध आणि जमीन-खरेदी बंद, सोन्याचांदीच्या खाणी बंद, जहाजासाठी लाकूड तोडणे बंद. कर मात्र जुन्या राजाच्या निम्मा. ३३८ च्या लॅटिन गावांवर घातलेलीच बंधने सुमारे एकशे सत्तर वर्षांनी एका राज्यावर आली.

याच शतकात आपल्या विदर्भाचेही असेच झाल्याची आठवण कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त आहे. विदर्भाचा राजा यज्ञसेन हरल्यावर अग्निमित्राने राज्य यज्ञसेन आणि त्याचा चुलतभाऊ माधवसेन यांच्यात वाटले, हद्द ठरली वरदा, म्हणजे आपली वर्धा नदी. नाटक बऱ्याच उशिराचे, त्यामुळे ते तहपत्र म्हणून वाचता येणार नाही. पण पराभूत राज्य खालसा न करता दुभंगून ठेवण्याची ही रीत रोमसोबत शेजारी ठेवून शिकवली, तर वर्धाकाठच्या मुलांना दोन्ही गोष्टी चटकन कळतील.

मिठाबद्दल स्पष्ट सांगतो. कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरल्याचे एकाही प्राचीन लेखकाने लिहिलेले नाही, ही अलीकडच्या काळात चिकटलेली गोष्ट आहे. १४६ ला शहर जाळले, पाडले, उरलेल्या सुमारे पन्नास हजार लोकांना गुलाम केले, हे खरे आणि पुरेसे भयंकर आहे. जमीन रोमने सरकारी मालकीची केली. १२२ मध्ये रोमचा लोकनेता गायस ग्रॅकस तिथे वसाहत बसवू पाहत होता आणि पुढे तोच प्रदेश रोमला गहू पुरवू लागला. पिकाऊ जमीन कोणी मीठ टाकून नासवत नाही.

जिंकण्याची किंमत इटलीतल्या शेतकऱ्याने दिली. शिपाई म्हणून जाणारा माणूस जमीनधारक असावा लागे, कारण हत्यारे त्याची त्यालाच आणावी लागत. इटलीतल्या जवळच्या मोहिमा हंगाम सांभाळून होत, स्पेनच्या मोहिमा वर्षानुवर्षे चालू लागल्या. शेते किती प्रमाणात बुडाली यावर अभ्यासकांत वाद आहे, पण १३३ ला गायसचा थोरला भाऊ टायबेरियस ग्रॅकसने जमीनवाटपाचा कायदा आणला तो याच तक्रारीवर. १६७ पासून रोमच्या नागरिकांचा युद्धकर बंद झाला होता. सहकारी गावे मात्र आपल्या शिपायांचा पगार स्वतःच्याच खिशातून देत राहिली, आणि राज्य मोठे झाले तसा त्यांचा वाटा वाढला नाही. ९१ ला त्यांनी शस्त्र उचलले, कॉर्फिनियमला 'इटालिका' नाव देऊन राजधानी केली आणि लांडग्याला, म्हणजे रोमच्या प्रतीकाला, शिंगावर घेणाऱ्या बैलाची नाणी पाडली. पुढच्याच वर्षी रोमला एकनिष्ठ राहिलेल्यांना नागरिकत्वाचा कायदा करावा लागला. हॅनिबलला जे पुरते जमले नव्हते, ते या असमान वाट्याने केले.

लेखमालेचा पुढचा भाग ग्रीसवर आहे, असे आपण छापले आहे. त्यात अपामियाच्या तहाची कलमे चौकटीत द्यावीत. नकाशा देताना लढायांच्या तलवारींसोबत तीस लॅटिन वसाहती ठिपक्यांनी दाखवाव्यात, आणि २१६ च्या पुढची हॅनिबलची वाट त्याच नकाशावर काढावी. व्हेनुशिया, बेनेव्हेंटम आणि लुसेरिया ही तीन नावे तरी वगळू नयेत.

आपले,
आर्वी तालुक्यातील इतिहासाचे काही शिक्षक,
जि. वर्धा